किडनी बाईची निघाली

फ्रे, ९ फेब्रुवारी

पूज्य लुआंगपी,

चटईवर गुडघे टेकून तीनदा नमस्कार करायचा असतो, तो या वेळी खुर्चीत बसूनच केलाय. सख्ख्या थोरल्या भावाने भिक्षूचं चीवर घातलं की लहानपणीच्या मारामाऱ्या विसरून त्याच्यापुढे वाकावं लागतं. पण आता वाकणार कशी? माझे गुडघे संपले.

झालं असं. देवळाच्या जत्रेची मिरवणूक होती आणि नाचणाऱ्या बावीस मुली माझ्याकडे सजायला होत्या. एकीच्या पायात घुंगरू बांधायला खाली बसले आणि बसले ती बसलेच. उठता येईना. शेवटी दोन ढोलवाल्यांनी काखेत हात घालून मला उभं केलं. अंबाड्यातली चाफ्याची फुलं खाली सांडली, आणि पोरी अशा हसल्या की त्यांचं काजळ पुसलं. पुन्हा लावत बसले, पण या वेळी उभ्याने.

मग च्यांग मायच्या मोठ्या दवाखान्यात गेले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, उजवा गुडघा बदलायलाच हवा. एप्रिलमध्ये सोंगक्रानचं, नव्या वर्षाचं पाणी खेळून झालं की करू. रक्त काढलं, छातीचा फोटो काढला. कागद बघून डॉक्टर म्हणाले, "या वयाच्या पुरुषाच्या मानाने किडनी ठीक आहे. ऑपरेशनला हरकत नाही." मला हसूच आलं. मला कुणी पुरुष म्हटलं आणि त्याचा फायदा झाला, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

सरकारी कार्डावर अजून 'नाय सिंगखाम', म्हणजे श्रीयुत सिंगखाम, आहे. कार्डावर 'नाय' आहे म्हणजे माणूस बाप्याच, मग त्याने केसांत फुलं माळलेली असोत की अंगात रेशमी झंपर असो. पस्तीस वर्षांत तुमच्याशिवाय मला कुणी त्या नावाने हाक मारलेली नाही. साऱ्या फ्रेला मी कांपेंगच. पण कार्डापुढे कुणाचं चालतंय? पुरुषांच्या वॉर्डात टाकतील. टाकू देत. दोन-चार दिवस तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहीन.

तुम्ही डोंगरावर फोन ठेवत नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप. मंत्र म्हणाल तेव्हा माझ्या गुडघ्याचीही आठवण ठेवा.

तुमची धाकटी,
कांपेंग


नान, २७ फेब्रुवारी

सिंगखाम,

सुखी राहा. तुझं पत्र भाजीच्या गाडीबरोबर आलं. जंगलातले वणवे सुरू झालेत, त्यामुळे सकाळी समोरचं टेकाडही दिसत नाही. आमची मांजर मंत्रपठणाला रोज पहिल्या रांगेत बसते. एरवी उंदीर समोरून गेला तरी डोळे उघडत नाही. तिची साधना माझ्यापेक्षा पुढे गेली असावी.

ढोलवाल्यांचं वाचून मी हसलो. गुडघ्याचं मात्र चांगलं ठरवलंस. पण एक गोष्ट सांगायची आहे आणि ती तुला आवडणार नाही.

माझे आधीचे गुरुजी तुला आठवत असतील. ते कसे गेले, हे मी घरात कधी सांगितलं नाही. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. साधं होतं. पण कंबर दुखते म्हणून ते कित्येक वर्षं फेरीवाल्याकडच्या काळ्या गोळ्या खात होते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "काही घेत नाही" म्हणाले. भिक्षूने फेरीवाल्याचं औषध खावं याची त्यांना लाज वाटली असेल. ऑपरेशननंतर लघवी बंद झाली. पायांना सूज चढत गेली. मी त्यांचे पाय चोळायचो, तर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. तो वर्षावास त्यांनी पुरा केला नाही.

म्हणून सांगतो, डॉक्टरपासून एकही गोळी लपवू नकोस. तुझ्या त्या मैत्रिणीच्या, जे हुईच्या, औषधाच्या दुकानातून गुडघ्यासाठी पुड्या आणतोस, त्या सांग. आणि दुसऱ्या त्या गोळ्याही सांग. आई गेली तेव्हा मी क्रियेला घरी आलो होतो, तेव्हा भाताच्या टोपलीमागे मला त्या दिसल्या होत्या. बायका घेतात तसल्या. मी विचारलं नाही. ते विचारण्याचं धाडस माझ्यात नव्हतं.

मंत्रांत तुझा गुडघा घेतला आहे.

इनसोम


फ्रे, १२ मार्च

पूज्य लुआंगपी,

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आई जाऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी तुमच्यासमोर खालच्या मानेने बसते आणि तुम्ही मला सगळं ठाऊक नसल्यासारखं बाजारभाव विचारता. धन्य आहे तुमच्या मौनाची.

रागावलेय. चार दिवस रागावूनच होते, म्हणून उत्तराला उशीर. आता राग उतरलाय, पण ऐकायची नाहीच. का ते ऐका.

तुम्ही दीक्षा घेतलीत त्यानंतर थोड्याच वर्षांत मला पाठीवर गळू झालं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरने काय काय घेता विचारलं आणि मी भाबडेपणाने हार्मोन्सच्या गोळ्यांचं सांगून टाकलं. त्याने शिकाऊ पोरांना बोलावलं. झंपर वर करून उभी होते, गळू पाठीवर होतं आणि सगळे बघत होते पुढून. शेवटी म्हणाला, आधी गोळ्या बंद करा, मग या. मी बंद केल्या. काही महिन्यांत दाढीचे खुंट जाड झाले, आवाज फाटला असं मलाच वाटायला लागलं, अंगातून वाफा निघायच्या, आणि कारणाशिवाय रडू यायचं. आरसा मी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आरसा उलटा करून सजवण्याचं दुकान चालवणारी सगळ्या फ्रेमध्ये मी एकटीच असेन.

आता पुन्हा सांगितलं तर तेच होणार. एक तर गोळ्या काढून घेतील, नाही तर ऑपरेशनच नको म्हणतील. जे हुई म्हणते, इतकी वर्षं घेतेयस, काही व्हायचं असतं तर झालं नसतं का? पुड्यांबद्दलही तेच. एका पुडीत पाच रंगांच्या पाच गोळ्या असतात, घेतल्या की संध्याकाळपर्यंत मी पाय आपटत नाचून दाखवते. आणि किडनी ठीक असल्याचं डॉक्टरनेच सांगितलंय ना? मग उगाच झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय कशाला द्यायचा?

किडनी गेली तरी चालेल असं नाही म्हणत मी. गुरुजींचं वाचून मलाही वाईट वाटलं. पण लुआंगपी, किडनी आत असते. चेहरा बाहेर असतो, आणि रोज बाजारात न्यावा लागतो.

हिरव्या मिरचीचा ठेचा पाठवतेय. बारा वाजायच्या आत खा, नंतर तुम्हाला जेवण चालत नाही, मांजरीला द्या.

कांपेंग


नान, ३ एप्रिल

सिंगखाम,

सुखी राहा. ठेचा मिळाला. मांजरीने नुसता वास घेतला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. गळवाची गोष्ट मला माहीत नव्हती. मी तुझा मोठा भाऊ, आणि त्या काळात मी डोळे मिटून श्वास मोजत होतो. तुला यापुढे उपदेश करणार नाही. जे सांगायचं होतं ते सांगून झालं आहे.

त्यापेक्षा मी येतो. ऑपरेशनच्या वेळी च्यांग मायच्या एका विहारात उतरेन आणि सकाळ-दुपार दवाखान्यात बसेन. आई आजारी होती तेव्हा ती माझा हात शोधायची आणि मी दाराशी बसून राहायचो. बाईला शिवायचं नाही हा आमचा नियम, मग ती जन्मदाती का असेना. ते मला अजून खुपतं. तुझ्या बाबतीत ती अडचण नाही. तू पुरुषांच्या वॉर्डात असशील, मी शेजारी बसेन आणि तुझा हात धरीन. लहानपणी नदी ओलांडताना धरायचो तसा. घरातल्या एका माणसाचा तरी हात मला धरता येईल.

तारीख कळव.

इनसोम


फ्रे, २८ एप्रिल

पूज्य लुआंगपी,

हे पत्र बसून वाचा. तारीख पुढे गेली आहे. किडनी बाईची निघाली.

घाबरू नका, सांगते. सोंगक्रान झाल्यावर मला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मो पातचरिन त्यांचं नाव. तिशीतल्या असतील, केस कापलेले, नखं स्वच्छ, बोलणं हळू. काय काय औषधं घेता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रक्तदाबाची गोळी. आणखी? काही नाही. त्यांनी नर्सला काही तरी आणायला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

त्या म्हणाल्या, "मावशी, चौकशा करायची मला हौस नाही. पण किडनीचा आकडा संगणक अंदाजाने काढतो, आणि तो काढताना आधी कार्ड बघतो. कार्डावर पुरुष आहे, म्हणून तो पुरुषाचे स्नायू धरून चालला. तुमचे दंड तर माझ्या आईसारखे आहेत. तुम्ही वर्षानुवर्षं बायकांचे हार्मोन्स घेत असाल, तर हा आकडा खोटा आहे. आणि खोट्या आकड्यावर मी तुम्हाला दुखणं थांबवायची औषधं दिली, तर गुडघा बरा होईल आणि किडनी जाईल."

मला मावशी म्हणाल्या, लुआंगपी. कागदावर 'नाय' लिहिलेलं समोर होतं आणि त्या मावशी म्हणाल्या. मी घळाघळा सगळं सांगून टाकलं. हार्मोन्सच्या गोळ्या कुठल्या, किती, कधीपासून. पुड्यांचंही सांगितलं. गोळ्यांपेक्षा पुड्यांचं ऐकून त्यांचा चेहरा जास्त उतरला. रोज घेता? मी म्हटलं, मिरवणुका असतील तेव्हा रोज. आणि मिरवणुका कधी असतात? आपल्याकडे कधी नसतात?

मग त्यांनी वेगळं रक्त काढायला लावलं. या तपासणीत स्नायूंचा संबंध येत नाही म्हणे. ती किडनी काही ठीक-बिक नव्हती. अर्ध्यावर आलेली, दमलेली किडनी. बाई म्हणून मोजलेल्या आकड्याशी बरीचशी जुळणारी. तसंच ऑपरेशन झालं असतं आणि वरून नेहमीची दुखण्याची इंजेक्शनं दिली असती, तर गुरुजींच्या वाटेने गेले असते, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते मी म्हणतेय.

मी विचारलं, हे सगळं त्या हार्मोन्समुळे झालं का? त्या प्रामाणिक आहेत. म्हणाल्या, "हार्मोन्सनी किडनीचं नक्की काय होतं, यावर आमच्यातच वाद आहेत. कुणी म्हणतं जपतात, कुणी म्हणतं त्रास देतात. त्याहून जास्त मलाही ठाऊक नाही. पण पुड्यांबद्दल माझ्या मनात शंका नाही." आणि मग ज्याला मी इतकी घाबरत होते ते विचारलं. गोळ्या बंद करणार का? तर म्हणाल्या, गोळ्या बंद, पण हार्मोन्स बंद नाहीत. ऑपरेशनच्या वेळी गोळ्यांनी रक्तात गाठी व्हायची भीती असते, म्हणून पोटावर चिकटवायची पट्टी द्यायची. तिचे डोस ठरवायला त्यांच्या ओळखीचे दुसरे डॉक्टर आहेत. म्हणजे मी आता चिकटपट्टीवर बाई आहे.

पुड्या बंद झाल्या. जे हुई रुसली आहे. गुडघा असा ठणकतो की मुलींना स्टुलावर उभं करून घुंगरू बांधते. पाणी पी पी म्हणून सगळे मागे लागलेत. किडनीला जरा विसावा मिळाला की जूनमध्ये ऑपरेशन.

आता शेवटचं. निघताना मो पातचरिननी विचारलं, वॉर्ड कुठला हवा? कार्डाचं मी बघून घेते. आणि मी क्षणभरही विचार न करता म्हणून गेले, बायकांचा.

परतीच्या बसमध्ये तुमचं पत्र आठवलं. लुआंगपी, तुमचा हात मला किती हवा होता ते सांगायला नको. नदीतला तो हात अजून आठवतो. बसमध्ये मी स्वतःला विचारलं, परत जाऊन पुरुषांचा वॉर्ड मागू का? हात मिळेल. पण ज्या बाईने दार लावून मला मावशी म्हटलं, तिला जाऊन काय सांगू? की मावशी नाही, चुकलं? नाही सांगवलं. तुम्ही या किंवा येऊ नका, मी समजून घेईन. बायकांच्या वॉर्डात भिक्षूने बसणं अवघड जातं हे मला कळतं.

कांपेंग


नान, १५ मे

सुखी राहा.

पत्र मिळालं. पाणी पीत जा. तहान लागायची वाट पाहायची नाही, असं इथल्या आरोग्यसेविका म्हणतात. नारळपाणी चालतं का ते डॉक्टरांना विचार, मनाने पिऊ नये.

लिच्या पिकल्या आहेत. यंदा पाखरांनी अर्ध्या खाल्ल्या, उरलेल्यांतल्या अर्ध्या मांजरीने झाडावर चढून खाली पाडल्या. ती खात नाही, नुसती पाडते. पहिला पाऊस दोनदा येऊन गेला. विहाराच्या पायऱ्या धुवून काढल्या.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या गोष्टीवर विचार चालू आहे. मी हळू विचार करतो हे तुला माहीत आहे.

इनसोम


फ्रे, ३० जून

पूज्य लुआंगपी,

घरी आले. नवा गुडघा कुरकुरतो, पण वाकतो. तुम्ही गेलात त्या दिवशी मी ग्लानीत होते आणि बोलणं राहिलं, म्हणून जे झालं ते तुम्हालाच लिहून सांगतेय. तुम्ही तिथे होतात, तरी सांगते. तुम्ही बघितलंत ते तुमच्या बाजूने. हे माझ्या बाजूने.

तुमचं मे महिन्यातलं पत्र वाचून मी रडले होते. लिच्या, मांजर, नारळपाणी. हाताचा शब्द नाही, आणि वर सिंगखामही नाही आणि कांपेंगही नाही, नुसतं सुखी राहा. ऑपरेशनची तारीख तेवढी कळवली, पण वाटलं, झालं, दोन्ही नावं गेली. येणार नाहीत. जे हुईला म्हटलंसुद्धा, भाऊ डोंगरावरचा, तो डोंगरावरच राहणार. जे हुई रुसवा सोडून दवाखान्यात माझ्यासोबत आली होती. पुड्या विकल्याचं तिच्या मनाला लागलंय. हल्ली गुडघा घेऊन कुणी आलं की त्याला आधी माझी गोष्ट सांगते आणि दवाखान्यात पिटाळते. दुकान चालेना झालंय, पण तोंड बंद होत नाही.

ऑपरेशन नीट झालं. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट दिली. शेजारच्या आजीबाई लाम्फूनच्या, त्यांचा खुबा मोडलेला. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बघून घेतलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग म्हणाल्या, "भुवया कुठे कोरतेस गं?" संपलं. माझ्या भीतीचं सगळं गाठोडं त्या आजींनी एका प्रश्नात सोडलं.

मग लघवी कमी झाली. पिशवीत थेंब थेंब. सगळ्यांची नजर त्या पिशवीवर. मो पातचरिन येऊन जायच्या आणि रक्तात साचलेल्या घाणीचा आकडा वर गेलाय, असं सांगायच्या. त्या लपवत नाहीत. म्हणाल्या, याची मला धास्ती होतीच, म्हणून तर आपण दुखण्याचं जालीम औषध देत नाही आहोत, म्हणून तर तुम्हाला इतकं दुखतंय. मी दातओठ खाऊन पडले होते. पाय माझा नव्हताच, कुणी तरी तापलेली सळई शिवून ठेवल्यासारखं झालं होतं. आणि मनात गुरुजींचे पाय. मी पांघरूण सारून स्वतःचे पाय बघत होते, बोटाने दाबून.

तेव्हा तुम्ही आलात. दाराशी भगवं दिसलं आणि मला वाटलं, भूल अजून उतरली नाही. नर्सने तुमच्यासाठी खुर्ची आणली, आणि पडदा ओढायला गेली, भावा-भावांना निवांत बोलता यावं म्हणून. बिचारीने कार्ड वाचलं असणार. तुम्ही म्हणालात, "पडदा उघडाच राहू द्या. बाईमाणसाशेजारी भिक्षूने आडोशाला बसू नये."

लुआंगपी, हे तुम्ही इतक्या साध्या आवाजात म्हणालात, की त्याचा अर्थ माझ्या डोक्यात उतरायला वेळ लागला. नर्स गोंधळली. आजीबाई मात्र मान डोलावत होत्या, अगदी बरोबर, अगदी बरोबर.

तुम्ही खुर्ची हातभर लांब सरकवलीत. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी इतकं एकटं वाटलं की काय सांगू. मागितलेलं मिळालं होतं, आणि हात गेला होता. तेवढ्यात कळ आली आणि माझा हात आपोआप पुढे झाला. मी मागे घेणार होते, खरंच. पण तुम्ही झोळीतून ते पिवळं वस्त्र काढलंत. बायकांनी दान द्यायचं तर भिक्षू समोर पसरतो ते. एक टोक माझ्या हातात दिलंत, म्हणजे हातावर सोडलंत, आणि दुसरं टोक तुमच्या मुठीत धरून बसलात.

मी ओढलं. कळ आली की मी ओढायचे आणि तुम्ही तिकडून धरून ठेवायचात. वस्त्र ताणलं जायचं. तुमच्या हाताची ताकद मला त्यातून कळत होती. तुम्ही तोंडाने मंत्र म्हणत होतात आणि मधेच नर्सला पिशवीत काही जमलं का विचारत होतात. असा मंत्रपाठ त्या वॉर्डाने ऐकला नसेल. दुसऱ्या दिवशीही आलात, तिसऱ्या दिवशीही. मग पिशवी भरायला लागली, आकडा खाली आला, आणि मो पातचरिन पहिल्यांदा दात दिसतील असं हसल्या. पूर्वीइतकी नाही, पण जेवढी किडनी होती तेवढी परत मिळाली. ती आता जपायची.

एकच विचारायचं आहे. हे तुम्हाला सुचलं कधी? मेमध्ये ठरलं होतं की त्या खुर्चीवर?

तुमची,
कांपेंग


नान, १२ जुलै

कांपेंग,

सुखी राहा. पत्र वर्षावासाच्या आधी पोहोचलं ते बरं झालं. आता तीन महिने मी इथून हलणार नाही. तू तोवर चालायला लागशील आणि दिवे सोडायच्या सणाला पायऱ्या चढून वर येशील. खाली बसायचं नाही. खुर्ची ठेवतो. भिक्षूसमोर खुर्चीवर बसलीस म्हणून कुणी बोललं तर मांजर त्याच्या अंगावर सोडीन.

मेमध्ये ठरलं नव्हतं. मेमध्ये मी एवढंच ठरवू शकलो, की ज्या नावाने हाक मारायची ते नाव ठरल्याशिवाय लिहायचं नाही. त्याने तू रडलीस, त्याबद्दल वाईट वाटतं. मला वाटलं होतं की मी सावधपणे वागतो आहे. सावध माणसं फार दुखवतात.

येताना बसमध्येही ठरलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर एक सोपी वाट होती. कार्ड तुझं नाय सिंगखामचं. हात धरला असता तर नियम मोडला असं कुणी म्हणालं नसतं, आणि मला फार हवा होता तो हात. आईचा राहून गेला होता. पण दारातून तुला पाहिलं. तुझे केस शेजारच्या आजींनी विंचरून दिलेले दिसत होते, एका बाजूला फूल होतं. तिथे हात धरायचा म्हणजे माझ्या सुखासाठी तुला परत सिंगखाम करायचं. ते मला जमेना.

मग पाठांतरातलं एक जुनं वाक्य आठवलं. शिकाऊ भिक्षू, श्रामणेर असताना घोकलं होतं. आई नदीत वाहून जात असेल तर भिक्षूने काय करावं? वस्त्र पुढे करावं, तिने ते धरावं. त्या वयात मला हा नियम कोरडा वाटायचा. आई बुडते आहे आणि हे वस्त्राचा विचार करताहेत. तू त्या बाजूने ओढलंस तेव्हा कळलं की ज्याने तो लिहिला त्याचीही कुणी तरी बुडाली असेल. आईच्या वेळी हे आठवलं असतं तर, असं मनात येतं. येऊ देतो.

किती जोरात ओढत होतीस गं. माझा खांदा अजून दुखतो. पुडी घेतलेली नाही.

इथे परतलो त्या संध्याकाळी आमचे आताचे गुरुजी पायऱ्यांवर बसले होते. त्यांनी विचारलं, "भाऊ कसा आहे?"

मी म्हटलं, "भाऊ नाही, बहीण आहे. बरी आहे. पाणी प्यायला विसरते, तेवढं सोडून."

इनसोम